गाडीत कागदी रोड ॲटलास अजून कोण ठेवतं?

आडवळण

आधीच सांगतो, मला फोन विरुद्ध कागद असा सामना लावायचा नाही. पुढच्या चौकात डावीकडे की उजवीकडे हे फोन सांगतो आणि ते काम तो कागदापेक्षा कितीतरी चांगलं करतो. पुढे रांग लागलीय, पूल बंद आहे, हे छापील पानाला कळणं शक्यच नाही. माझा मुद्दा त्याच्या आधीच्या पायरीचा आहे. जायचं कुठल्या रस्त्याने, हे ठरवताना फोन मला अपुरा पडतो.

कारण आकार. हिशोब करून बघा. ए-३ पानांचा मोठा ॲटलास उघडला की समोर साधारण ५९ बाय ४२ सेंटिमीटर कागद येतो. नकाशाचं प्रमाण १:२,५०,००० असेल तर एका सेंटिमीटरला अडीच किलोमीटर, म्हणजे एका नजरेत सुमारे १४८ बाय १०५ किलोमीटरचा मुलूख. त्याच प्रमाणात सात बाय पंधरा सेंटिमीटरच्या फोनवर मावतो १७ बाय ३७ किलोमीटरचा तुकडा. सगळा मुलूख फोनवर बसवायचा म्हणून लहान करत गेलं की आधी वाड्यावस्त्या जातात, मग लहान गावं, मग दुय्यम रस्ते. शेवटी उरतो महामार्ग. आणि आपण महामार्गच धरतो, कारण दुसरं काही दिसतच नसतं.

दुसरं म्हणजे चांगल्या ॲटलासमध्ये रस्त्याचा स्वभाव छापलेला असतो. मिशेलिन या फ्रेंच कंपनीच्या नकाशांत ज्या रस्त्याच्या कडेला हिरवी रेघ असते तो निसर्गरम्य. चढ असेल तिथे रस्त्यावर बाणाचं टोक, चढ जितका तीव्र तितकी टोकं जास्त. उंच खिंडीतल्या रस्त्यांवर बारीक आकडे असतात, ११-५ असे. म्हणजे नोव्हेंबर ते मे हा रस्ता बर्फामुळे बंद असण्याची शक्यता. फोन मला आजच्या आज रस्ता चालू की बंद ते सांगेल. पण मी मार्चमध्ये घरी बसून एप्रिलचा बेत करत असतो तेव्हा ते बारीक आकडेच कामाला येतात.

तर प्रश्न असा की बेत करताना तुमच्यापैकी कोण अजून कागद उघडतं? आणि उघडत नसाल तर मोठं चित्र बघायला काय वापरता?

सुसाट

टॅबलेट घ्या राव. नकाशे उतरवून ठेवा, नेटवर्कचीही भानगड नाही. ब्रिटनमध्ये तर ४ डिसेंबर २०१७ पासून गाडी चालवण्याच्या परीक्षेत बहुतेकांना सॅटनॅव्हचं (गाडीतल्या वाट सांगणाऱ्या यंत्राचं) ऐकून गाडी चालवून दाखवावी लागते. जग कुठे चाललंय आणि आपण कुठे!

आडवळण

@सुसाट, त्या परीक्षेचा मुद्दा माझ्याच बाजूचा आहे की. सॅटनॅव्ह ऐकत नीट चालवता येणं हे चालकाचं कौशल्य, ते तपासायलाच हवं. बेत करणं हे वेगळं काम.

आणि टॅबलेटचं माप घ्या. २२ बाय १६ सेंटिमीटरचा पडदा धरला तरी वरच्याच प्रमाणात ५५ बाय ४० किलोमीटर. फोनपेक्षा बरं, पण पानाच्या जवळपासही नाही. शिवाय प्रश्न नुसत्या मापाचा नाही. पडद्यावर कुठल्या पातळीला कुठलं नाव दिसेल हे आज्ञावली ठरवते. एकाच दर्जाच्या दोन गावांपैकी एक दिसतं, दुसरं जागा नाही म्हणून गाळलं जातं. ॲटलासमध्ये या प्रमाणाला काय ठेवायचं, काय टाकायचं, कुठलं नाव जरा सरकवून बसवायचं, हे नकाशाकाराने पान पान बघून ठरवलेलं असतं. तो फरक नजरेला कळतो.

बाजूची_सीट

आयडीवरून कळलंच असेल, गाडी मी चालवत नाही. नकाशाची खुर्ची माझी. त्यामुळे हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा.

वर कुणी बोललं नाही तो मुद्दा आधी. फाट्यावरच्या पाटीवर आपल्याला जायचं ते गाव बहुतेक वेळा नसतंच. तिथे दीडशे-दोनशे किलोमीटर पुढच्या मोठ्या शहराचं नाव असतं. आपण निघालेलो असतो मधल्या एखाद्या लहानशा गावाला, आणि ते पुढचं शहर आपल्या बेतातच नसतं, म्हणून नाव वाचून काही बोध होत नाही. फोनमधली बाई "डावीकडे राहा" म्हणते, पण दोन डाव्या एकापाठोपाठ असल्या की पंचाईत. ॲटलासमध्ये आपल्या रस्त्यावर बोट ठेवून पुढे सरकत गेलं की ते शहर आपोआप सापडतं.

म्हणून मी आदल्या रात्री एक कार्ड लिहिते. पोस्टकार्डाएवढं, जाड. त्यावर फक्त तीन रकाने: रस्त्याचा क्रमांक, पाटीवर दिसेल ते लांबचं नाव, आणि तिथून पुढच्या वळणापर्यंतचं अंतर. अंतर मोजावं लागत नाही, चांगल्या ॲटलासमध्ये दोन खुणांमधले किलोमीटर रस्त्याच्या कडेला छापलेले असतात, बेरीज करायची. दिवसभराचा रस्ता एवढ्याशा कार्डावर मावतो. गाडीत ॲटलास उघडायची वेळ फार कमी येते, आणि ते बरंच आहे, कारण वळणावळणाच्या रस्त्यावर मान खाली घालून बारीक अक्षरं वाचली की मला मळमळतं. हा कागदाचा दोष मी मान्य करते. ॲटलासप्रेमी मंडळी त्याबद्दल कधी बोलत नाहीत.

अजून एक: पान उलटणे. उजवीकडचा मुलूख पुढच्या पानावर असतो, पण खालचा मुलूख दहा-बारा पानांनंतर येतो. पानाच्या कडेला बाणात पुढच्या पानाचा आकडा असतो, तो बघायची सवय लावून घ्या. नाहीतर ऐन फाट्यावर पानं चाळत बसाल आणि चालकाचा आवाज चढेल. आमच्याकडे चढतो.

शंकेखोर

सगळं गोड गोड चाललंय म्हणून थोडं मीठ. छापील नकाशा छापला जातो त्याच दिवशी जुना झालेला असतो. माहिती गोळा करणं, तपासणं, छपाई, वितरण यात महिने जातात. नवा बाह्यवळण रस्ता, एकेरी केलेला रस्ता, बदललेला महामार्ग क्रमांक, यातलं काहीच त्यात नाही. आणि लोक ॲटलास एकदा घेतात आणि दहा वर्षं वापरतात. बाजूची_सीट यांच्या कार्डावरचा क्रमांकच बदललेला असला तर?

दुसरी शंका: ॲटलासला तुम्ही कुठे आहात ते माहीत नसतं. रस्ता चुकलेल्या माणसाचा पहिला प्रश्न "मी आहे कुठे" हाच असतो, आणि नेमकं तिथेच कागद गप्प.

बाजूची_सीट

दोन्ही मान्य. क्रमांक बदलले तरी गावं जागची हलत नाहीत, म्हणून तर कार्डावर नाव लिहिते. "मी आहे कुठे" साठी फोनच बघते, त्यात कसली लाज.

चक्रधर

माझ्याकडे ॲटलास आहे तो फक्त एका कारणासाठी. डोंगरात गेलं की नेटवर्क जातं, नेटवर्क गेलं की जीपीएस जातं, मग फोन म्हणजे नुसता दगड.

रेघोट्या

@चक्रधर, हा समज फार पसरलेला आहे म्हणून सविस्तर लिहितो. जीपीएसला मोबाइल नेटवर्क लागत नाही. सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरणारे उपग्रह वेळेचे संदेश पाठवत असतात, फोन ते फक्त ऐकतो आणि त्यावरून स्वतःची जागा काढतो. नेटवर्क गेलं की गायब होतो तो मागचा नकाशा, कारण तो तुकड्या-तुकड्यांनी नेटवरून येत असतो. म्हणून कोऱ्या पडद्यावर निळा ठिपका तेवढा दिसतो. (नेटवर्क असलं की ठिपका लवकर सापडतो, एवढी मदत त्याची होते.) नकाशा आधी उतरवून ठेवला असेल तर काही अडत नाही. मात्र काही ॲपमध्ये उतरवलेल्या नकाशाला मुदत असते, निघण्याआधी एकदा उघडून बघा.

उपग्रहांची अडचण येते ती बोगद्यात, खोल दरीत आणि उंच इमारतींच्या मधे. तिथे आकाश कमी दिसतं किंवा संदेश भिंतींवर आपटून उशिरा पोचतो, आणि ठिपका शेजारच्या रस्त्यावर उडी मारतो. बाकी यंत्रणा भक्कम आहे. जुलै २०१९ मध्ये युरोपची गॅलिलिओ प्रणाली जवळपास आठवडाभर बंद होती. फोन वापरणाऱ्या बहुतेकांना पत्ताही लागला नाही, कारण फोन अमेरिकेच्या जीपीएसचे आणि रशियाच्या ग्लोनासचेही संदेश घेत असतो.

फोन दगा देतो तो उपग्रहांमुळे नाही, साध्या कारणांनी. काचेमागे उन्हात लावला तर तापून पडदा मंद करतो किंवा बंद पडतो. कडाक्याच्या थंडीत बॅटरी धाडकन उतरते. चार्जिंगची वायर नेमकी त्या दिवशी सैल होते. ॲटलास ठेवायचा तर यासाठी ठेवा.

चक्रधर

हे माहीत नव्हतं. धन्यवाद. तरी ॲटलास राहू देतो.

मैलाचा_दगड

थोडा इतिहास, पण विषयाला धरून.

१६७५ मध्ये जॉन ओगिल्बीने इंग्लंड आणि वेल्समधल्या रस्त्यांचे १०० नकाशे छापले. प्रमाण एक इंचाला एक मैल. त्याची माणसं मोजणीचं चाक ढकलत रस्त्याने चालली होती. पण हे नकाशे आजच्या ॲटलाससारखे नव्हते. पानावर कागदाच्या लांब गुंडाळीसारख्या उभ्या पट्ट्या शेजारी शेजारी, आणि त्यात फक्त तुमचा एकच रस्ता, खालून वर जाणारा. रस्ता वळला की रस्ता सरळच काढायचा आणि उत्तर दिशा फिरवायची, म्हणून प्रत्येक पट्टीवर वेगळं दिशाचक्र. चढ आला की डोंगर सरळ काढलेला, उतार आला की उलटा. आजूबाजूचा मुलूख जवळजवळ नाहीच, बाजूला फुटणारा रस्ता असला तर दोन रेघा आणि "अमुक गावाकडे" एवढंच.

वाचताना काही आठवलं? फोनमध्ये मार्गदर्शन सुरू केलं की दिसतं ते हेच. आपला रस्ता वर जाणारा, उत्तर फिरती, शेजारचं काही नाही. त्याच्याही मागे जायचं तर रोमन रस्त्यांचा जो पॉइटिंगर नकाशा व्हिएन्नात जपलेला आहे (मध्ययुगात केलेली नक्कल, जवळपास पावणेसात मीटर लांब आणि जेमतेम हातभर उंच) त्यातही देशांचे आकार पार चेपलेले आहेत, पण मुक्कामांमधली अंतरं लिहिलेली आहेत. प्रवाशाला फक्त त्याचा रस्ता दाखवायचा ही कल्पना जुनी. सगळं रस्त्यांचं जाळं एकदम समोर पसरायचं आणि निवड प्रवाशावर सोडायची ही त्या मानाने अलीकडची. तेव्हा "जग कुठे चाललंय" म्हणणाऱ्या सुसाट यांनी कृपया नोंद घ्यावी.

सुसाट

नोंद घेतली. साडेतीनशे वर्षं जुनी कल्पना टिकून आहे म्हणजे उपयोगाची असणार. 😀

मैलाचा_दगड

हा हा, हे बरोबर आहे.

उनाड_वारा

सुसाट यांच्यासाठी दोन किस्से, दोन्ही बातम्यांत गाजलेले. २००९ मध्ये एक स्वीडिश जोडपं इटलीतल्या काप्री बेटावर जायला निघालं आणि सॅटनॅव्हमध्ये दोन अक्षरांची अदलाबदल होऊन उत्तर इटलीतल्या कार्पी या शहरात पोचलं. बेटावर जायला ना पूल लागला ना बोट, तरी शंका आली नाही. २०१६ मध्ये आइसलँडला उतरलेला एक अमेरिकन पर्यटक राजधानीतल्या हॉटेलकडे निघाला, रस्त्याच्या नावात एक अक्षर जास्त पडलं होतं, आणि तो थेट उत्तर किनाऱ्यावरच्या सिग्लुफ्योर्दुर गावात पोचला. विमानतळापासून हॉटेल पाऊण तासावर होतं. तो काही तास गाडी चालवत राहिला.

आडवळण

@उनाड_वारा, यातलं अक्षर चुकणं मला महत्त्वाचं वाटत नाही, ते कुणाचंही चुकतं. पुढचे काही तास शंका न येणं हे खरं. विमानतळ आणि राजधानी एका पानावर बोटाच्या पेरांवर बघितलेली असती तर तासाभरातच त्याने गाडी बाजूला घेतली असती. ॲटलासचा मला सगळ्यात मोठा उपयोग हाच वाटतो: अंतर साधारण किती यायला हवं हे आधी माहीत असतं.

शंकेखोर

पण चूक प्रत्येक वेळी माणसाची नसते. डिसेंबर २०१२ मध्ये ऑस्ट्रेलियात व्हिक्टोरिया राज्याच्या पोलिसांनी इशारा काढला होता, ॲपल मॅप्स मिल्डुरा शहराकडे निघालेल्यांना सुमारे ७० किलोमीटर लांबच्या राष्ट्रीय उद्यानात नेऊन सोडतंय म्हणून. पाणी नाही, उन्हाळ्याचे दिवस. नंतर निघालं असं की सरकारी स्थलनाम-सूचीतच मिल्डुरा दोनदा होतं, एक शहर आणि एक त्या नावाच्या प्रशासकीय भागाचा मध्यबिंदू. म्हणजे मूळ यादीतच गोम. तीच यादी घेऊन कागदावर छापलं असतं तर?

रेघोट्या

छापताना कुणीतरी पान बघितलं असतं आणि रानाच्या मधोमध शहराचं नाव का, असं विचारलं असतं. बहुधा.

पण कागदही धुतल्या तांदळासारखा नाही हं. १९३० च्या दशकात अमेरिकेतल्या जनरल ड्राफ्टिंग कंपनीने न्यूयॉर्क राज्याच्या नकाशात ॲग्लो नावाचं खोटंच गाव टाकलं. कुणी नकाशा चोरला तर पकडता यावा म्हणून. पुढे ते रँड मॅकनॅली या दुसऱ्या कंपनीच्या नकाशातही दिसलं, पण चोरी सिद्ध करता येईना, कारण तोवर तिथे नकाशातलं नाव बघून कुणीतरी 'ॲग्लो जनरल स्टोअर' उघडलं होतं. म्हणजे नकाशात होतं म्हणून जमिनीवर आलं.

बाजूची_सीट

हे भारी आहे!

निवांत

मला एक वेगळी गोष्ट विचारायची आहे. फोन लावून गेलं की रस्ता लक्षात राहत नाही असं मला वाटतं. एकाच ठिकाणी पुन्हा गेलं तरी पुन्हा फोन लागतो. हे माझंच होतं की इतरांचंही?

मैलाचा_दगड

इतरांचंही. जपानमधल्या संशोधकांनी २००८ मध्ये हे तपासलं होतं. काही लोकांना जीपीएस यंत्र दिलं, काहींना कागदी नकाशा, काहींना आधी प्रत्यक्ष रस्ता चालवून दाखवला. जीपीएसवाले जास्त अंतर चालले, वाटेत जास्त वेळा थांबले, आणि नंतर त्यांनी हाताने काढलेले नकाशे रस्ता आधी चाललेल्यांपेक्षा कच्चे निघाले. पण हा प्रयोग पायी चालणाऱ्यांवरचा होता, छोट्या पडद्याच्या यंत्राचा होता. गाडीतल्या प्रवाशांना तो जसाच्या तसा लावू नका.

लंडनच्या टॅक्सीचालकांचा अभ्यासही नेहमी पुढे केला जातो (२०००, एलेनॉर मॅग्वायर), त्यांच्या मेंदूत हिप्पोकॅम्पसचा (जागा आणि वाटा लक्षात ठेवायला लागणाऱ्या भागाचा) मागचा हिस्सा इतरांपेक्षा मोठा आढळला होता. पण त्या चालकांना शहराच्या मध्यापासून सहा मैलांच्या परिघातले सुमारे २५,००० रस्ते पाठ करावे लागतात, त्यात वर्षं जातात. आपण पाटीवरचं नाव कार्डावर लिहून त्या पंगतीत बसू शकत नाही.

निवांत

समजलं. मग घ्यायचाच झाला तर काय बघून घ्यावा? दुकानात सगळे सारखेच दिसतात.

आडवळण

आधी प्रमाण बघा, चित्रं नंतर. एका सेंटिमीटरला १० किलोमीटर (१:१०,००,०००) म्हणजे सगळ्या देशाचा अंदाज घेण्यापुरता, त्यावर आडरस्ते शोधू नका. पाच किलोमीटरला बऱ्यापैकी काम होतं. अडीच किंवा दोन मिळाला तर उत्तम, मात्र मुलूख मोठा असेल तर पुस्तक जाड होतं. एकाच ॲटलासमध्ये भरवस्तीच्या भागाला एक प्रमाण आणि विरळ भागाला दुसरं असंही असतं. प्रत्येक पानाच्या कडेची पट्टी बघत जा, नाहीतर पान उलटल्यावर अंतराचा अंदाज दुपटीने चुकतो.

मग बांधणी. तारेची वळी असलेली बांधणी घ्या, पान पूर्ण मागे दुमडता येतं. शिवलेल्या पुस्तकात नेमका आपला रस्ता मधल्या घडीत शिरतो. लगतच्या पानांवर थोडा मुलूख दोन्हीकडे पुन्हा छापलेला आहे का तेही बघा. नसेल तर पानाच्या कडेवरचं गाव अर्धं इकडे अर्धं तिकडे.

शेवटी नावांची सूची. तुम्हाला माहीत असलेलं एखादं लहान गाव त्यात शोधा. सापडलं, दिलेल्या पानावर दिलेल्या चौकोनात निघालं, तर सूची भरवशाची. अक्षरं चष्म्याशिवाय वाचता येतात का हेही तिथेच उभं राहून बघा, आणि शक्यतो जरा कमी उजेडात.

शंकेखोर

आणि वर्ष! मुखपृष्ठावरच्या आकड्यावर जाऊ नका. पुष्कळ प्रकाशक चालू वर्षाच्या मध्यातच पुढच्या वर्षाचा आकडा घालून ॲटलास बाजारात आणतात. आतल्या पानावर प्रकाशनाचं वर्ष बारीक अक्षरात असतं, कधी कधी माहिती कुठल्या महिन्यापर्यंतची तेही असतं. त्याहून चांगली परीक्षा म्हणजे गेल्या दोन-तीन वर्षांत सुरू झालेला, तुम्ही स्वतः वापरलेला एखादा रस्ता त्यात शोधायचा. तुटक रेषेत "बांधकाम चालू" असं दाखवला असेल तर किंमत कमी करून मागा.